फुगडीचा पाय

मी एकतीस वर्षं पाय बनवले. परळला एका मोठ्या रुग्णालयाच्या मागे, धोबीखान्याच्या पलीकडे, पत्र्याची एक लांबट शेड आहे. तिच्यावर ‘कृत्रिम अवयव विभाग’ अशी पाटी आहे. तिथून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. वरळीला आमच्या चाळीत लोकांना मी हॉस्पिटलात आहे एवढंच माहीत होतं, त्यामुळे कुणाचं पोट बिघडलं की गोळी विचारायला माझ्याकडे यायचे. मी सांगायचो की मी डॉक्टर नाही, सुतार आहे. ते बरंचसं खरं होतं. सुतार, गवंडी, चांभार आणि थोडा शिंपी असं सगळं मिळून आमचं काम होतं.

काम सांगायला सोपं आहे. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याचा प्लास्टरने साचा घ्यायचा. त्या साच्यावरून एक पेला बनवायचा, त्याला सॉकेट म्हणतात. उरलेला पाय त्यात घट्ट बसतो. सॉकेटच्या खाली नळी आणि नळीच्या खाली पाऊल. एवढ्या तीनच वस्तू. बाहेरच्या माणसाला वाटतं की हे जमलं की पाय झाला. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, माणूस त्यावर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा.

मला हे काम सावंत मास्तरांनी शिकवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात गवंड्याचा ओळंबा दिला आणि म्हणाले, “माणसाच्या पायाकडे नंतर बघ रे. त्याचं वजन कुठून खाली येतं ते आधी बघ.” प्रत्येक माणसाच्या अंगात, बेंबीच्या जरा खाली, एक जागा असते. सगळं वजन जणू त्या एका जागी गोळा झालेलं असतं. तिथून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत पडला पाहिजे. बाहेर गेला की वजन माणसाला फिरवायला लागतं, दार बिजागरीवर फिरतं तसं. आपल्या बिजागऱ्या म्हणजे घोटा, गुडघा आणि खुबा. वजनाची रेषा बिजागरीपासून जेवढी लांब, तेवढा फिरवण्याचा जोर जास्त. दार बिजागरीजवळ ढकलून बघा आणि कडीजवळ ढकलून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. रेषा गुडघ्याच्या बोटभर मागे गेली तर गुडघा मुडपतो आणि बोटभर जास्त पुढे गेली तर तो मागे ढकलला जातो. मला पगार मिळायचा तो या बोटभर अंतरासाठी.

हे अंतर किती महाग पडतं ते मी एका माणसाला पाडून शिकलो. लालबागचे चव्हाण म्हणून एक गृहस्थ होते. मुलीच्या लग्नात चालत स्टेजवर जायचं, एवढीच त्यांची मागणी होती. मी त्यांच्या रोजच्या सपाट चपलेवर पाय मस्त जुळवून दिला. त्यांनी लग्नासाठी सुटाबरोबर टाचेचे बूट घेतले. टाच वर गेली, नळी पुढे कलली, वजन गुडघ्याच्या मागे पडलं आणि स्टेजच्या दुसऱ्याच पायरीवर गुडघा मुडपून चव्हाण व्याह्यांच्या समोर पालथे झाले. मुलगी हारासकट धावली. सोमवारी ते आमच्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, “कांबळे, चूक बुटाची की पायाची?” मी म्हणालो, माझी. तुम्ही काय घालणार ते मी विचारलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझा पहिला प्रश्न कधी बदलला नाही. लोक पाय दाखवायला यायचे आणि मी म्हणायचो, आधी चपला दाखवा.

दुसरा किस्सा अभिमानाचा आहे, म्हणून सांगून टाकतो. दादरहून एक निवृत्त शिक्षक यायचे. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेले. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता आणि काठीही डाव्याच हातात. मी म्हणालो, सर, काठी उजव्या हातात घ्या. त्यांना ते पटेना. पाय डावा तर आधार डावीकडे हवा, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना डाव्या पायावर उभं केलं आणि सांगितलं की आता तुमचं सगळं अंग खुब्याच्या उजव्या बाजूला लोंबतंय. ते उचलून धरायला काठी उजवीकडे, खुब्यापासून लांब हवी, म्हणजे थोड्या जोरात भागतं. डावीकडे धरलीत तर ती खुब्याच्या अगदी जवळ येते, तिच्यावर सगळं अंग टाकावं लागतं. सरांनी बोटाने हवेत दोन रेषा काढल्या. मग म्हणाले, “बल गुणिले अंतर. हे मी चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं.” त्यांनी काठी उजव्या हातात घेतली, शेडच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. बेंबीखालच्या त्या जागेला गुरुत्वमध्य म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं. मास्तर तिला नुसतं ‘ठिकाण’ म्हणायचे.

पण लिहायला बसलो ते शैलाताईंसाठी.

त्या फणसवाडीतल्या. वय अठ्ठावन्न, अंगाने काटक, आवाज मोठा. डावा पाय घोट्याच्या वर चार बोटांवर कापलेला. माल उतरवायला आलेला एक टेम्पो गल्लीत उलटा मागे येत होता, त्याच्या चाकाखाली पाऊल सापडलं होतं. सोबत त्यांची धाकटी जाऊ, प्रभाताई. एक खोली सोडून राहणाऱ्या, दर खेपेला पिशवी आणि डबा घेऊन बरोबर यायच्या आणि दाराजवळच्या बाकावर बसायच्या.

मी नेहमीप्रमाणे म्हणालो, चपला दाखवा. शैलाताई म्हणाल्या, “चपला नाहीत. अनवाणी. मला फुगडी घालायची आहे.”

त्यांचा मंगळागौरीच्या खेळांचा गट होता. बारा बायका, श्रावणात गिरगाव, दादर, माहीमपर्यंत बोलावणी. झिम्मा, पिंगा, गाठोडं सगळं चालायचं, पण शैला-प्रभाची फुगडी बघायला लोक थांबायचे. दोघी एकाच वर्षी सून म्हणून त्या घरात आल्या आणि तेव्हापासून एकमेकींशीच फुगडी घालत आल्या.

मी त्यांना सांगितलं की आधी चालू, जिना चढू, मग बघू. मनात म्हटलं, चालायला लागल्या की विसरतील. तीन महिन्यांत त्या चालायला लागल्या, चाळीचे तीन मजले चढायला लागल्या आणि विसरल्या नाहीत. दर खेपेला जाताना विचारायच्या, “कांबळे, माझ्या फुगडीचं काय?”

एका रविवारी मी हे घरी सांगितलं. माझी बायको रंजना हिचं बालपण संगमेश्वरच्या बाजूला गेलं. तिने विचारलं, “तुम्हाला फुगडी येते का?” मी म्हणालो, बघितली आहे. तिने गॅस बंद केला, पदर खोचला, हात फुलीसारखे धरून पुढे केले आणि माझे पाय तिच्या चवड्यांना टेकवून घेतले. मग म्हणाली, मागे झुका. मी झुकलो नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला मागे झुकायला भीती वाटते. “तुम्ही मागे गेला नाहीत तर मी कुणाच्या जिवावर जाऊ?” ती म्हणाली. मग मी झुकलो, तीही झुकली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

माझी वजनाची रेषा माझ्या टाचांच्या मागे गेली होती. तिचीही गेली होती. एकेकटे असतो तर दोघंही पाठीवर पडलो असतो. पण माझं वजन तिला वर ओढत होतं आणि तिचं मला. दोघांचं मिळून जे ठिकाण होतं ते आमच्या दोघांच्या मधोमध होतं आणि ओळंबा सोडला असता तर जुळलेल्या चवड्यांवर पडला असता. तीस वर्षं मी प्रत्येक माणसाला त्याच्या स्वतःच्या पायांवर तोलायला शिकवत होतो. इथे दोन माणसं तोल टाकून उभी होती. माझं वजन जास्त म्हणून रंजनाला जास्त झुकावं लागत होतं. ती म्हणाली, हे लग्नापासून तसंच आहे. आम्ही दोन गिरक्या घेतल्या आणि भांड्यांच्या मांडणीला जाऊन धडकलो. शेजारचे पवार काय पडलं ते बघायला आले.

सोमवारी मी कामाला लागलो. अडचणी दोन होत्या. फुगडीत अंग मागे झुकतं तेव्हा आपला घोटा सैल होतो आणि तळवा जमिनीवर राहतो. बनवलेलं पाऊल ताठ असतं, अंग मागे गेलं की चवडा उचलला जातो आणि माणूस टाचेवर उरतो. म्हणून मी घोट्यात बिजागरी असलेलं पाऊल घेतलं आणि तिच्या मागच्या बाजूचा रबर मऊ घातला. दुसरी अडचण पिळाची. गिरकीत अंग फिरतं, रबरी पाऊल लादीला चिकटून बसतं आणि मधल्या मधे सॉकेट कातडीवर फिरतं. कातडी सोलली की महिनाभर पाय घालता येत नाही. त्यासाठी नळीत थोडा वळणारा एक सांधा बसवला आणि पावलाला, खेळण्यापुरता, पातळ चामड्याचा मोजा शिवला, म्हणजे ते लादीवर सरकेल. पाऊल पुढे सरकून जाण्याची भीती नव्हती, कारण समोर जोडीदाराचे चवडे असतात.

चाचणीला समोर कोण उभं राहणार हा प्रश्न होता. आमच्याकडे चालायचा सराव करायला दोन आडव्या दांड्या असतात, त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत मीच उभा राहिलो. शैलाताईंनी हात फुली करून धरले आणि मला म्हणाल्या, “कोपरं वाकवू नका, ताठ ठेवा.” आम्ही झुकलो आणि हळूहळू फिरायला लागलो. तेवढ्यात आमच्या डॉक्टरबाई आत आल्या. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि हे काय चाललंय असं त्यांनी विचारलं. मला बोलायला श्वास पुरत नव्हता. शैलाताई फिरता फिरताच म्हणाल्या, “तपासणी.”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. पायात काही निघालं आणि बाई पडल्या तर उत्तर कोण देणार, हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. त्यांनी सॉकेट काढून कातडी बघितली, बोटाने दाबून लाल डाग किती वेळ राहतो ते बघितलं आणि अटी घातल्या. फक्त उभी फुगडी, दहा गिरक्यांच्या वर नाही आणि जोडीदार भरवशाची.

“ती माझी आहेच,” शैलाताई म्हणाल्या आणि बाकाकडे वळून त्यांनी हाक मारली. “प्रभा, ये.”

प्रभाताई उठल्या. हात दुखतो म्हणाल्या, पिशवी घेतली आणि बाहेर गेल्या.

शैलाताईंनी दांडीला टेकून मला हळू आवाजात सांगितलं की हे वर्षभर असंच चाललंय. प्रभा डबा आणते, कपडे धुते, हॉस्पिटलात येते, पण हात धरत नाही. जिना उतरताना भिंतीच्या कडेने चालते. विचारलं तर म्हणते हात दुखतो. डॉक्टरकडे चल म्हटलं तर येत नाही.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो. शेडच्या मागे बदामाच्या झाडाखाली एक कट्टा आहे, तिथे प्रभाताई बसल्या होत्या. मी थोडं अंतर ठेवून बसलो. त्यांनी पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “तुम्ही सगळ्यांना ते वजनाचं समजावून सांगता. मला एक सांगाल? खरं सांगायचं पण.”

त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं. दोघी काळबादेवीहून घरी निघाल्या होत्या. शैलाताईंच्या चपलेत खडा गेला म्हणून त्या गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. प्रभाताई दोन पावलं पुढे होत्या. वळून बघितलं तर टेम्पो उलटा मागे येत होता आणि शैलाताईंची त्याच्याकडे पाठ होती. प्रभाताईंनी त्यांचं मनगट धरून जोरात ओढलं. शैलाताई त्यांच्या अंगावर येऊन पडल्या आणि डावं पाऊल मागे राहिलं.

“मी ओढलं नसतं,” प्रभाताई म्हणाल्या, “नुसती हाक मारली असती, तर त्यांनी पाय उचलला असता. माझ्या ओढण्याने त्यांचा तोल गेला. माझ्यामुळे पाऊल राहिलं. असंच ना?”

आमच्या कामात लोक अनेक प्रश्न विचारतात आणि आपण त्यांना बरं वाटेल असं बोलायला शिकतो. पण या बाईने खरं सांगायला बजावलं होतं. मी त्यांच्या पिशवीतली पाण्याची बाटली कट्ट्यावर उभी केली आणि म्हणालो, हिला वरून ओढा. त्यांनी झाकणाला धरून ओढली. बाटली त्यांच्याकडे कलली, बूड जागेवरच राहिलं.

“म्हणजे मीच,” त्या म्हणाल्या.

“वरून ओढलं की आधी वरचं येतं, बूड मागे राहतं, हे खरं आहे,” मी म्हणालो. “पण आलं काय ते बघा. डोकं आलं, छाती आली, कंबर आली. मागे राहिलं ते पाऊल. तुम्ही हात घातला नसतात तर बाटली जिथे होती तिथेच उभी राहिली असती आणि टेम्पो येतच होता.”

त्यांनी बाटली पुन्हा सरळ उभी केली. मी पुढे सांगितलं की हाक मारली असती तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित त्यांनी ऐकलं असतं आणि दोन्ही पाय काढले असते, कदाचित आवाज कुठून आला म्हणून तिथेच वळून बघितलं असतं. हे गणित मला येत नाही आणि कुणालाच येणार नाही. मला येतं ते एवढंच की ती ओढ नसती तर मला पाय बनवायचं काम मिळालं नसतं.

प्रभाताईंनी बाटली उघडली, दोन घोट प्यायल्या, डोळे पुसले आणि आत गेल्या. जाताना त्या नेहमीसारख्याच भिंतीच्या कडेने गेल्या. मला वाटलं, आपण उगाच बोललो.

श्रावणात दादरच्या एका हॉलमध्ये त्यांच्या गटाचा कार्यक्रम होता. शैलाताईंनी मला आणि रंजनाला आग्रहाने बोलावलं. मंगळागौरीत पुरुषाचं काही काम नसतं, पण मी खिशात पाना घेऊन गेलो. पडद्यामागच्या खोलीत त्यांचा पाय तपासला, स्क्रू घट्ट केले, चामड्याचा मोजा बांधला. फुगडीला कोण आहे ते मी विचारलं. गटातली मेधा म्हणून एक बाई होती, चांगली दणकट. दोन वेळा सराव झाला होता म्हणे. शैलाताईंनी ते सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे न बघता नऊवारीच्या निऱ्या नीट करत होत्या.

खेळ रंगले. फुगडीची वेळ झाली तशा बायका कडेला झाल्या आणि शैलाताई एकट्या मधे येऊन उभ्या राहिल्या. मेधा पुढे निघाली, तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रभाताई उठल्या. त्यांनी मेधाच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाजूला केलं, मधे गेल्या, चवड्याला चवडा लावला आणि हात फुली करून पुढे धरले. मी दाराशी उभा होतो, तरी शैलाताईंचं बोलणं मला ऐकू आलं.

“मागे जायचं आहे, प्रभा. अर्धवट नको.”

“माहीत आहे मला,” प्रभाताई म्हणाल्या.

त्या झुकल्या. पहिल्या गिरकीला माझी नजर पावलावर होती. चवडा जमिनीवर होता, मोजा सरकत होता, नळीतला सांधा वळत होता, सगळं ठरल्याप्रमाणे. चौथ्या गिरकीला मी पावलाकडे बघायचं विसरलो. दोघींची तोंडं वर होती, पदर सुटले होते आणि कोपरं काठीसारखी ताठ होती. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. कोण मोजत होतं कोण जाणे, पण दहाच्या वर नक्की गेल्या. डॉक्टरबाईंना मी हे आजवर सांगितलेलं नाही.

फुगडी थांबवणं घालण्यापेक्षा अवघड असतं. दोघींनी एकाच वेळी सरळ व्हावं लागतं. एकीने आधी हात सोडला तर दोघी पडतात. त्या हळूहळू मंद होत गेल्या, मग सरळ झाल्या आणि समोरासमोर धापा टाकत उभ्या राहिल्या. टाळ्या वाजल्या, रंजनाने माझा दंड धरून हलवला, पुढचा खेळ सुरू करायला दोन मुली मधे आल्या. त्या दोघी मात्र तशाच उभ्या होत्या, हात फुलीत अडकलेले.

“प्रभा, सोड आता,” शैलाताई म्हणाल्या. “पडत नाही मी.”

प्रभाताईंनी एक हात सोडला. दुसरा सोडायला त्यांनी वेळ घेतला आणि शैलाताईंनीही घाई केली नाही.